काढा, कपालभाती आणि तांब्याची बाटली: आधी काय थांबवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, दीड वर्षापूर्वी पुणे सोडून साताऱ्यात आई-वडिलांच्या घरी परत आलात, पुण्याच्या कंपनीचे काम घरूनच चालते. इथे आल्यापासून आयुर्वेदाला धरून आणि निसर्गाला त्रास न देता जगायचे, असे आपण ठरवले. पहाटे साडेचारला उठणे, रात्रभर तांब्याच्या बाटलीत ठेवलेले लिंबू-मधाचे पाणी, अर्धा तास कपालभाती, ५४ सूर्यनमस्कार, त्यावर गुळवेल, सुंठ, मिरी, दालचिनी, तुळस आणि ज्येष्ठमधाचा काढा, नाश्त्याला ओट्स, चिया आणि बदामाचे दूध, रात्री त्रिफळा आणि अश्वगंधा, असा आपला क्रम आहे. असे असूनही सकाळी मळमळते, छातीत जळजळते, गुडघे दुखतात, झोप मध्येच मोडते आणि रक्तदाबाची गोळी काही सुटत नाही. आता आणखी कोणते औषध सुरू करावे, आणि यवतेश्वर-कासच्या डोंगरातून रोपे आणून अंगणात लावावीत का, असे आपण विचारले आहे.

मी साताऱ्यात २६ वर्षे आयुर्वेदाची चिकित्सा करते आणि सकाळी योगाचा वर्ग घेते. आपली नाडी मी पाहिलेली नाही, जीभ पाहिलेली नाही, पोट तपासलेले नाही, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यातील बराचसा भाग आपल्या प्रकृतीवर, वजनावर, आधीच्या आजारांवर आणि चालू गोळ्यांवर अवलंबून राहील. तरीही आपण लिहिलेला दिनक्रम इतका स्पष्ट आहे की एक गोष्ट मी विश्वासाने सांगू शकते. आपल्याला नवे औषध नको आहे. आपल्या तक्रारींपैकी निदान तीन तक्रारी, आपण आरोग्यासाठी म्हणून जे करता त्यातूनच निघत असाव्यात, असे मला दिसते. म्हणून काय घालायचे हे ठरवण्यापूर्वी काय काढायचे ते पाहू.

सुरुवात बाटलीपासून करते. आपल्या आजीने तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार कधी ठेवले नसेल. ठेवले तर ते कळकते, हे तेव्हा घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे, आणि म्हणूनच पितळेच्या पातेल्याला कल्हई केली जात असे. लिंबाचा रस हा आंबटच पदार्थ आहे. तो रात्रभर तांब्यात राहिला की तांबे पाण्यात उतरते, आणि असे पाणी रिकाम्या पोटी घेतले की मळमळ, पोटात पीळ, तोंडाला धातूची चव, क्वचित उलटी, असा त्रास होतो. पिण्याच्या पाण्यात तांब्याचे प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या पुढे असू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. साधे पाणी तांब्यात रात्रभर ठेवले तर ते सहसा या मर्यादेच्या बरेच खाली राहते, आंबट पाण्याबद्दल तशी खात्री देता येत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षक हीच मळमळ घेऊन आले होते. त्यांना मी बाटली घेऊन यायला सांगितले. आत टॉर्च मारून पाहिले तर गळ्याच्या आतल्या कडेला हिरवट थर धरला होता आणि तळ मात्र घासल्यासारखा लालबुंद चकाकत होता. आंबटाने तांबे खाल्ल्याची ती खूण होती. बाटली बंद केल्यावर त्यांची मळमळ आठवड्याभरात थांबली, त्यासाठी एकही औषध द्यावे लागले नाही. आपल्याही बाटलीत एकदा असा प्रकाश टाकून पाहा. तांब्यात ठेवायचे असेल तर फक्त साधे पाणी ठेवा, भांडे चिंचेने घासून नीट विसळा. खरे तर उघड्या तोंडाचा तांब्या बाटलीपेक्षा केव्हाही चांगला, कारण त्यात हात जातो आणि आतले दिसते. मध गरम पाण्यात घालू नये, हे आयुर्वेदाचे स्पष्ट सांगणे आहे, आणि ज्याच्या छातीत जळजळते त्याने उपाशीपोटी लिंबू घेण्याचे तर काहीच कारण नाही.

आता काढा. आपण लिहिलेला काढा करोनाच्या काळात घरोघरी पोहोचला आणि साथ ओसरल्यावरही अनेक घरांत तसाच राहिला. सर्दी-खोकल्यात, पावसाळी गारठ्यात, चार-पाच दिवसांसाठी तो उत्तम आहे. आपण मात्र तो वैशाखात, रोज, रिकाम्या पोटी घेत आहात. सुंठ, मिरी, दालचिनी ही उष्ण आणि तीक्ष्ण द्रव्ये आहेत, आणि बाहेर ऊन तापलेले असताना तिखट, आंबट, खारट कमी करावे असे ग्रीष्माच्या ऋतुचर्येत सांगितले आहे. जळजळ होणाऱ्या माणसाने हे रोज प्यायल्यावर जळजळ वाढली नसती तरच नवल. त्याहून महत्त्वाची गोष्ट ज्येष्ठमधाची आहे. घशाला आणि आम्लपित्ताला ते गुणकारी आहे म्हणून लोक निर्धास्तपणे घेतात, परंतु रोज आणि दीर्घकाळ घेतलेले ज्येष्ठमध शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम कमी करते आणि रक्तदाब वाढवते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने ते रोजच्या काढ्यात घालू नये. आपली गोळी सुटत नाही याचे एक कारण आपल्याच काढ्यात असण्याची शक्यता आहे. काढा आजच थांबवा, आपल्या डॉक्टरांना ज्येष्ठमधाबद्दल आवर्जून सांगा आणि रक्तात पोटॅशियम किती आहे ते पाहून घ्या. मात्र गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आयुर्वेदाचे उपचार घेणाऱ्या अनेकांना गोळी चालू ठेवणे हा स्वतःचा पराभव वाटतो, आणि त्या भावनेपोटी गोळी सोडून अर्धांगवायू झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. ती कमी करायची वेळ आली तर ती रोजच्या नोंदी पाहून, देणाऱ्या डॉक्टरांनीच कमी करावी.

गुळवेलीबद्दल वेगळे सांगावे लागेल. ती चांगली वनस्पती आहे आणि मी ती नियमित वापरते, पण ठरावीक दिवस, ठरावीक कारणासाठी. वर्षभर प्रत्येकाने प्यावी, अशी ती नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची साखर तिने आणखी उतरू शकते, आणि ज्यांना आमवातासारखा स्वप्रतिकार आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणे) आहे त्यांनी ती वैद्याला विचारूनच घ्यावी. करोनानंतर मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे समोर आले, आणि त्यावर आयुष मंत्रालयाने दिसायला सारख्या असणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत करू नये असे सांगितले. ती गल्लत टाळायची असेल तर खोड हातात घेऊन पाहा. खऱ्या गुळवेलीचे कोवळे खोड हिरवट आणि त्यामानाने गुळगुळीत असते, त्यावर बारीक बारीक ठिपके दिसतात. दुसऱ्या जातीचे खोड चामखिळी आल्यासारखे गाठाळ आणि करडे असते. पान दोघींचेही हृदयाच्या आकाराचे, त्यामुळे पानावरून ओळखायला जाऊ नये. चूर्णाच्या डबीत तर हा फरक कळायला मार्गच उरत नाही.

अश्वगंधेने काहींना शांत झोप लागते, काहींच्या पोटात आग पडते. थायरॉइडच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या किंवा यकृताचा आजार असेल तर ती मनाने घेऊच नये. आपण ती सहा आठवडे थांबवा आणि फरक पाहा. त्रिफळा आपल्याला मलावरोधासाठी हवी आहे की चांगली असते म्हणून आपण घेता, हे आपण लिहिलेले नाही. पोट रोज साफ होत असेल तर तीही थांबवावी.

योगाकडे येते, कारण तिथे आपली भक्ती मोठी आहे आणि इजाही तिथेच होत आहे. सूर्यनमस्कार ही आपल्या जिल्ह्याची खास ठेव आहे. आता खटाव तालुक्यात असलेल्या औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) यांनी ते स्वतः आयुष्यभर घातले आणि संस्थानातल्या शाळांमध्ये नेले. माझ्या आजोबांच्या पिढीत औंधच्या शाळेत शिकलेली माणसे उतारवयातही नमस्कार घालत. त्या मुलांना ती सवय लहानपणी लागलेली होती आणि ती मातीच्या अंगणात, दिवसभर चालणाऱ्या-धावणाऱ्या शरीराने लागलेली होती. आपण रोज नऊ तास खुर्चीत बसता आणि पहाटे फरशीवर अंथरलेल्या पातळ मॅटवर एकदम ५४ घालता. पाय मागे नेताना मागचा गुडघा फरशीवर आपटतो, पुढचा गुडघा घोट्याच्या पुढे जातो, आणि दमल्यावर शेवटच्या वीस नमस्कारांत हे हमखास घडते. गुडघे त्यामुळेच दुखत असावेत.

बळकट माणसाने, स्निग्ध आहार घेणाऱ्याने, थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असे आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भटांनी सांगितले आहे. अर्धी शक्ती कशी ओळखायची, तर कपाळावर, नाकावर, काखेत घाम फुटला आणि श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला की थांबायचे. वैशाखात तर ही रेषा फार लवकर येते. माझे सांगणे असे की पंधरा दिवस नमस्कार पूर्ण बंद ठेवा, गुडघ्यांना निर्गुंडीच्या वाफवलेल्या पानांचा शेक द्या, नंतर सहापासून सुरुवात करा, प्रत्येक स्थितीत एक श्वास थांबा, आणि आठवड्याला दोन-दोन वाढवत बारा-चौदावर स्थिर व्हा. गुडघ्यात सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा जिना उतरताना लचकत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, मग नमस्कार. पीव्हीसीच्या मॅटऐवजी माणदेशी घोंगडी चौघडी घालून वापरा, ती सरकत नाही, गुडघ्याला टेकू देते आणि वर्षानुवर्षे टिकते. माझ्या वर्गात निम्म्या घोंगड्या पंधरा वर्षांपूर्वीच्या आहेत.

कपालभाती मात्र पूर्ण थांबवा. तो प्राणायाम नाही, षट्कर्मे म्हणजे हठयोगातल्या सहा शुद्धिक्रियांपैकी एक आहे, आणि मेद व कफ अधिक असलेल्याने षट्कर्मे आधी करावीत, ज्याचे दोष सम आहेत त्याला त्यांची गरज नाही, असे हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातच म्हटले आहे. अर्धा तास पोटाला झटके देणे हे रक्तदाब असलेल्या, जळजळ होणाऱ्या माणसासाठी योग्य नाही. पोटातले आम्ल वर चढायला त्याने मदतच होते. माझ्या वर्गाच्या पहिल्या तीन-चार वर्षांत मीही सर्वांकडून सरसकट कपालभाती करून घेत असे. एका बाईंची जळजळ महिनोन्महिने हटेना, त्यांनी क्रिया सोडली आणि पंधरवड्यात त्या बऱ्या झाल्या, तेव्हापासून मी प्रत्येकाची माहिती विचारल्याशिवाय एकही क्रिया शिकवत नाही. आपण त्याऐवजी अनुलोम-विलोम दहा मिनिटे, श्वास न रोखता, आणि भ्रामरीची पाच-सात आवर्तने करा. रक्तदाबासाठी आणि झोपेसाठी आपल्याला एवढे पुरेल.

साडेचारला उठण्याबद्दलही एक शब्द महत्त्वाचा आहे. ब्राह्ममुहूर्तावर उठावे असे जिथे सांगितले आहे तिथे ते ‘स्वस्थ’ माणसासाठी सांगितले आहे, आणि अष्टांगसंग्रह या आयुर्वेदाच्या ग्रंथात तर उठताना आदल्या दिवसाचे अन्न जिरले की नाही ते पाहावे असेही जोडले आहे. कामाच्या बैठका संपवून रात्री साडेअकराला आपण झोपता, असे लिहिले आहे. पाच तासांच्या झोपेवर पहाटे उठणे हा नियम पाळणे नव्हे. रात्रीचे जेवण आठपूर्वी होत नसेल तोवर साडेसहाला उठा. बैठकीची वेळ बदलता येत नसेल तर निदान जेवण बैठकीच्या आधी घ्या, नंतर नको. जळजळीला आणि मोडणाऱ्या झोपेला हा एक बदल माझ्या अनुभवात सगळ्या चूर्णांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

आहारात मला आपल्या दोन इच्छा एकमेकींच्या विरोधात गेलेल्या दिसतात. निसर्गाला जपायचे म्हणून आपण दूध सोडून बदामाचे दूध घेता, पण बाजारातला बहुतेक बदाम हजारो मैलांवरच्या कॅलिफोर्नियातून येतो आणि तिथे त्याला भरपूर पाणी लागते. ओट्स आणि चिया प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी खोक्यात, खोके पुन्हा प्लास्टिकमध्ये, असे आपल्या दारी येतात. कोरेगावचा वाघ्या घेवडा, पाटण-जावळीची नाचणी, माण-खटावची बाजरी आणि ज्वारी, घाण्यावरचे शेंगदाण्याचे तेल हे सगळे आपल्या घरापासून दिवसभराच्या अंतरात पिकते आणि कापडी पिशवीत सुटे मिळते. यातही ऋतू पाहावा लागतो. बाजरी उष्ण, ती थंडीत खावी, आत्ता ज्वारीची भाकरी आणि दुधी, दोडका, पडवळ असे हलके काही असावे. घेवडा पचायला जड आहे, म्हणून जळजळ शमेपर्यंत थांबा. सकाळी उठल्यावर साळीच्या लाह्या पाण्यात भिजवून, गाळून ते पाणी प्या. मूठभर लाह्यांना दोन पेले पाणी पुरते. आम्लपित्ताला एवढे सौम्य आणि एवढे स्वस्त औषध मला दुसरे माहीत नाही. माठात वाळ्याची जुडी टाका. दुपारी ताक घ्यायचे तर ताजे, गोड, जिऱ्याची पूड घालून. कैरीचे पन्हे इतरांना द्या, आपण महिनाभर टाळा.

म्हणजे सध्या आपला दिवस असा होतो: पुरेशी झोप, साधे पाणी, लाह्यांचे पाणी, हलकी आसने आणि अनुलोम-विलोम, वेळेवर नाश्ता, दुपारी भाकरी-भाजी-ताक, रात्री लवकर आणि थोडे जेवण, रक्तदाबाची गोळी पूर्वीप्रमाणे. सहा आठवडे एवढेच ठेवा आणि रोज दोन ओळी लिहून काढा: जळजळ झाली का, झोप कशी लागली, रक्तदाब किती. ते कागद घेऊन आपल्या जवळच्या वैद्यांकडे जा, त्यांना औषध ठरवणे सोपे जाईल. मात्र अन्न गिळताना अडकणे, काळे शौच, कारण नसताना वजन उतरणे किंवा चालताना छातीत दाब येणे, यापैकी काहीही असेल तर सहा आठवडे थांबू नका. छातीतला दाब त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेला पाहिजे.

आता रोपांचा प्रश्न. कृपा करून कास-यवतेश्वरच्या डोंगरातून काहीही उपटून आणू नका. कासचे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आहे, आणि वारशाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी तिथल्या वनस्पती जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत, पावसाळी धुक्यात वाढणाऱ्या आहेत. साताऱ्याच्या काळ्या मातीत त्या सहसा तग धरत नाहीत. औषधाच्या नावाखाली सह्याद्रीचे किती नुकसान झाले आहे हे आम्हा वैद्यांना चांगले ठाऊक आहे. कर्करोगावरील औषधाचे द्रव्य मिळते म्हणून नरक्या या सह्याद्रीतल्या वृक्षाची झाडे मुळासकट चोरून नेली गेली. सीता-अशोक दुर्मिळ झाला आणि त्याच्या सालीच्या जागी रस्त्याकडेच्या उभ्या अशोकाची साल विकली जाऊ लागली. सर्पगंधेचा व्यापार आंतरराष्ट्रीय निर्बंधांखाली आणावा लागला. आपल्या कपाटातल्या औषधांच्या अकरा डब्यांपैकी कोणत्या डबीतले मूळ कुणी शेतात लावले आणि कोणते कुणी जंगलातून खणले, हे डबीवर लिहिलेले नसते. डब्या कमी केल्या तर आपल्या पोटाला आणि डोंगराला, दोघांनाही एकदमच आराम मिळतो, म्हणून मला हा बदल सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

अंगणात लावण्यासाठी डोंगर चढण्याची गरजच नाही. अडुळसा आणि निर्गुंडी शेरी-मळ्यांच्या कुंपणांवर आहेत, शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत म्हणून शेतकऱ्यांनी त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, आणि मागितल्यावर फांदी कुणीही देतो. गवती चहा, तुळस, कोरफड, माका हे शेजाऱ्यांकडून मिळतील. घेटुळी आपल्या अंगणात आपोआप उगवली असेल, ती तण म्हणून उपटू नका, तिलाच पुनर्नवा म्हणतात. शतावरी रोपवाटिकेतून घ्या.

गुळवेल लावायची तर आपल्या दारात कडुनिंब आहे, असे आपण लिहिले आहे, त्याहून चांगला आधार नाही. ज्येष्ठात पहिले दोन पाऊस होऊ द्या. ओळखीच्या, वर सांगितल्याप्रमाणे खोड पाहून खात्री केलेल्या वेलीची, बोटाएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची कांडी घ्या. तिचे वरचे आणि खालचे टोक कोणते ते कापतानाच खूण करून ठेवा, कारण उलटी लावलेली कांडी सहसा फुटत नाही. दोन पेरे मातीत जातील अशी ती बुंध्यापासून हातभर अंतरावर खोचा आणि सुतळीने सैल बांधून खोडाकडे वळवा. तिला संस्कृतात छिन्नरुहा म्हणतात, म्हणजे तोडली तरी वाढणारी. मुळापासून तुटली तर ती वरून दोऱ्यासारखी मुळे खाली सोडते आणि पुन्हा माती धरते. पहिली दोन वर्षे मात्र तिला कात्री लावू नका. त्यानंतर खोड आपल्या करंगळीपेक्षा जाड झाले की लागेल तेवढेच कापा, आणि मुळाकडचा वेल तसाच राहू द्या.